पचनमार्गांतील लिंफोमा : रोगी वांचतो काय ?

काखेंत किंवा जांघेंत अवधाण आलें म्हणून महाडजवळच्या बिरवाडीसारख्या गांवीं कोणी घाबरून जात नाहीं. पायांत कांटा मोडला असेल, जखम पिकली असेल, असें घरांतील वडील मंडळी म्हणतात, आणि बहुधा तें खरेंही ठरतें. हें अवधाण ज्यांच्यामुळें येतें त्या लसिकापेशी रोगजंतूंशीं झगडणारे शरीराचे शिपाईच होत. त्यांचीं ठाणीं जठर व आंतडीं यांच्या अस्तरांतही असतात. तेथील एखादी पेशी बेबंद वाढूं लागली म्हणजे त्या कर्करोगास लिंफोमा म्हणतात. ग्रंथींबाहेर उद्भवणारे लिंफोमा पचनमार्गांतच सर्वांत अधिक आढळतात.

नांव ऐकतांच घरांत रडारड सुरू होते. पण नांव एक असलें तरी रोग एक नव्हे. जठरांतील एका मंदगति प्रकाराची हकीकत तर विलक्षण आहे. वॉरेन व मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनीं १९८२ सालीं जठरांतला हेलिकोबॅक्टर जंतु वेगळा काढला. हा जंतु वर्षानुवर्षें ठाण मांडून बसला म्हणजे त्याच्याशीं लढावयास लसिकापेशी गोळा होतात, आणि त्यांतूनच हा लिंफोमा उपजतो. १९९३ सालीं वोदरस्पून प्रभृति संशोधकांनीं अशा सहा रोग्यांना केवळ जंतुनाशक औषधें दिलीं. पांचांचा रोग मावळला! रोग जठरापुरताच असेल तर आज सुमारें तीनचतुर्थांश रोगी एवढ्यानेंच सुधारतात. मात्र त्यास महिनेच्या महिने लागतात, आणि जठरांत दुर्बीण घालून पुनःपुन्हां पाहावें लागतें.

मोठ्या पेशींचा लिंफोमा याच्या उलट, झपाट्यानें वाढणारा. उपचार न केल्यास तो महिन्यांत घात करतो, तरी दर दहांपैकीं सहा किंवा अधिक रोगी औषधोपचारानें कायमचे बरे होतात. पूर्वीं यासाठीं जठर कापून काढीत. आतां बहुधा तशी गरज पडत नाहीं. आंतड्याची गोष्ट निराळी. गांठ विरघळतांना तेथें भोंक पडूं शकतें, म्हणून उपचार चालूं असतां एकाएकीं पोटांत असह्य कळ आली तर सकाळची वाट पाहूं नये. टी-पेशींपासून होणारा आंतड्याचा लिंफोमा मात्र दुष्ट. त्यांत बहुतेकांना दोन वर्षेंही मिळत नाहींत.

आपल्या देशांत आणखी एक फसगत होते. लहान व मोठें आंतडें जेथें जुळतें तेथें क्षयही होतो. ताप, पोटदुखी, वजन घटणें, हातास लागणारी गांठ, हीं लक्षणें दोहोंचीं सारखींच. क्षय अधिक आढळत असल्यानें तोच तर्क प्रथम होतो, व तो पुष्कळदां बरोबरही असतो. पण तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं न पाहतां क्षयाचीं औषधें चालूं ठेवलीं तर लिंफोमाच्या रोग्याचे मोलाचे महिने फुकट जातात.

बिरवाडीच्या रोग्यास त्यासाठीं मुंबई-गोवा रस्त्यानें खारघरचें कर्करोग केंद्र किंवा २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें परळचें टाटा रुग्णालय गांठतां येतें. मोठ्या पेशींच्या प्रकारांत औषधांच्या साधारणतः सहा फेऱ्या, तीन-तीन आठवड्यांनीं. दुसऱ्या फेरीनंतरच गांठ दिसेनाशी होते, भूक लागते, आणि भातलावणी तोंडावर आलेली असते. येथेंच पुष्कळ जण चुकतात. गांठ गेली तरी पेशी उरलेल्या असतात, आणि परतलेला रोग पहिल्याइतका औषधांस वश होत नाहीं. सर्व फेऱ्या पुऱ्या करून दोन वर्षें रोग परतला नाहीं, तर पुढें त्याचें आयुष्य त्याच्या वयाच्या इतर माणसांच्या जवळपास येतें. मंदगति प्रकार मात्र बऱ्याच वर्षांनींही डोकें वर काढतो; तेथें दुर्बिणीची तपासणी चालूंच ठेवावी लागते.