काळजीची साखर

मंडळी, मराठीत 'काळजी' आणि 'काळीज' हे दोन शब्द अगदी शेजारी राहतात. आम्ही कवी लोक काळीज म्हणजे हृदयच धरून चालतो. पण मटणाच्या दुकानात जाऊन कलेजी मागा, खाटीक यकृतच तोलून देईल. खाटकाचे शरीरशास्त्र आमच्यापेक्षा पक्के! मधुमेहाच्या बाबतीत तर त्याचेच खरे. काळजीने रक्तातली साखर का वाढते, याचे मोठे उत्तर यकृतात आहे.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेतो आहे, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत आलो आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावत आलो.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी साखर असते जेमतेम चमचाभर, पाचेक ग्रॅम. यकृतात मात्र ती ग्लायकोजेनच्या रूपाने शंभरेक ग्रॅमपर्यंत साठवलेली असते. घरातली धान्याची कणगीच म्हणा ना. संकट दिसले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात आणि कणगीचे तोंड उघडते. वाघापासून पळायचे तर पायांना इंधन नको का? आता वाघ येत नाही, बँकेची नोटीस येते. ती हातात धरून माणूस खुर्चीत बसून राहतो. पळणे नाही, झुंजणे नाही. साखर रक्तात तशीच. ज्याचे इन्शुलिन ठाकठीक आहे त्याचे शरीर ती लवकर आवरते. मधुमेहात आधीच इन्शुलिन अपुरे किंवा त्याचा प्रभाव कमी, त्यात कॉर्टिसॉल तो आणखी कमी करते. म्हणून काहीही न खाता आकडा चढतो.

ही आजची कल्पना नव्हे. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९१३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील २५ खेळाडूंची लघवी मोसमातल्या अखेरच्या, चुरशीच्या सामन्यानंतर लगेच तपासली. बारा जणांच्या लघवीत साखर सापडली. गंमत पुढेच आहे. त्या बारांपैकी पाच जण राखीव होते, मैदानात उतरलेच नव्हते! बाकावर बसून नुसती घालमेल झाली, तेवढ्याने कणगी उघडली.

आता मिरजेची माझी थोरली बहीण, आमची आपा, तिचे सांगतो. मुलीचा निकाह ठरला आणि उपाशीपोटी १३०-१४० असणारी तिची साखर २१०च्या पुढे जाऊ लागली. घरात चौकशी सुरू. सूनबाईने गुळाचा डबा वरच्या फळीवर नेला, नातवाला हेर नेमले. मुलगा रोज सकाळी यंत्र घेऊन हजर, "अम्मी, खरं सांग, काल काय खाल्लंस?" एके दिवशी आपा म्हणाली, "तुम्हा सगळ्यांची बोलणी खाल्ली!"

डॉक्टरांनी आधी कुठे जंतुसंसर्ग नाही ना, गोळ्या चुकत नाहीत ना, हे पाहिले. मग तिला एक वही करायला सांगितली. आकडा लिहायचा आणि शेजारी आदला दिवस कसा गेला ते दोन शब्दांत. ती वही मी वाचली आहे. 'हॉलचे पैसे कमी पडले. झोप नाही.' आकडा २२८. 'मावशीकडे गेले, खूप हसलो.' आकडा १५२. (इतकी कमी शब्दांची कविता मला साधलेली नाही.) काळजीने संप्रेरके तर वाढतातच, शिवाय झोप उडते, फिरणे बुडते, जेवणाची वेळ टळते. आपाच्या वहीत सगळेच होते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. किती घरांत असे पहारे बसत असतील! यंत्रावरचा आकडा म्हणजे माणसाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे, हे मला घरच्या मंडळींना हात जोडून सांगावेसे वाटते. खुद्द मधुमेह सांभाळण्याचाही माणसाला शीण येतो. १९९५ साली तो मोजण्यासाठी तयार झालेल्या प्रश्नावलीत घरच्यांची साथ वाटते की नाही, हाही एक मुद्दा आहे.

उपाय काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप दोन मधुमेहाच्या सुमारे शंभर रुग्णांना मधुमेहाची माहिती दिली. त्यातल्या काहींना त्याबरोबर अंग सैल सोडणे वगैरे ताण हलका करण्याच्या गोष्टीही शिकवल्या, अवघ्या पाच बैठकांत. वर्षाअखेर या दुसऱ्या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, एचबीएवनसी, सुमारे अर्ध्या टक्क्याने खाली होती. अर्धा टक्का ऐकायला लहान वाटतो, पण काही औषधांचा परिणामही साधारण एवढाच असतो. याचा अर्थ गोळ्या सोडून प्राणायाम करा, असा मुळीच नाही. 'टेन्शनची साखर आहे, उतरेल आपोआप' म्हणत महिनोन्‌महिने थांबणारे लोक मी पाहिले आहेत. त्या साखरेनेही डोळे आणि मूत्रपिंडे तशीच बिघडतात.

सगळ्यांचे सारखेही नसते. टाइप एक मधुमेहात काहींची साखर ताणाने वाढते, काहींची उतरते. आणखी एक फसवी गोष्ट. छाती धडधडणे, घाम, हात थरथरणे ही घाबरल्याची लक्षणे आहेत, आणि साखर फार उतरल्याचीही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला असे झाले तर 'शांत हो, पाणी पी' म्हणत बसू नका. यंत्र लावा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. यंत्र नसेल तरी साखर द्याच. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.