टाचांच्या भेगा: पाणी, मलम आणि वजरी यांचं नेमकं काम

आजचा विषय पायाचा आहे. अंगाच्या ज्या भागाकडे आपण सगळ्यात शेवटी बघतो, त्याचा. टाचांना भेगा पडतात, तळपायाची कातडी कडक होते, रात्री पांघरुणाचा धागा टाचेत अडकतो. मग आपण घरी काहीतरी आणतो. मलमाची ट्यूब, औषध भरलेले मोजे, विजेवर फिरणारी कानस. चार दिवस वापरतो, गुण आला नाही म्हणून फडताळात ठेवून देतो. यातली कोणती वस्तू काय काम करते आणि कुठे ती धोक्याची ठरते, एवढंच आज बघायचं आहे.

आधी तळपायाची कातडी समजून घेऊ. पापणीवर त्वचेचा वरचा थर साधारण ०.०५ मिलिमीटर असतो, तळपायावर तोच दीड मिलिमीटरच्या आसपास जातो. त्यातला बाहेरचा भाग मृत पेशींचा, केराटिनने भरलेला. नखं ज्या द्रव्याची, त्याच जातीचं हे द्रव्य. दुसरी गोष्ट, तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर आहेत, पण तैलग्रंथी मुळीच नाहीत. चेहऱ्याला आपोआप मिळणारा तेलकटपणा टाचेला कधीच मिळत नाही.

आता वजनाचं बघा. आपण उभे राहिलो की टाचेखालची चरबीची गादी दाबली जाते आणि बाजूंना पसरते. वरची कातडी लवचीक असेल तर ती ताणली जाते. वाळून जाड झाली असेल तर ताणली जात नाही, फाटते. म्हणून भेगा टाचेच्या कडेने पडतात. ज्यांना दिवसभर उभं राहावं लागतं, जे अनवाणी किंवा मागून उघड्या चपला घालून फिरतात, ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांना हा त्रास अधिक होतो. थंडीत हवा कोरडी झाली की आणखी वाढतो.

मग पहिला प्रश्न असा की कातडी मऊ कशाने होते, तेलाने की पाण्याने? बहुतेकजण तेल म्हणतील. १९५२ साली अर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने याचा छडा लावला. त्याने पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेतले. तेलात ठेवलेला तुकडा कितीही दिवस गेले तरी कडकच राहिला. पाणी मिळालेला तुकडा मऊ झाला. म्हणजे कातडीला मऊपणा पाणी देतं. तेल ते पाणी उडून जाऊ देत नाही. दोघांची कामं वेगळी. कोरड्या ठणठणीत टाचेवर रात्री नुसतं तेल चोपडलं तर फारसं काही होत नाही, त्याचं कारण हेच. आत पाणीच नाही, तर अडवणार काय?

एवढं लक्षात ठेवलं की बाजारातल्या वस्तूंचे सरळ तीन गट पडतात.

पहिला गट पाणी धरून ठेवणाऱ्यांचा. ग्लिसरीन यातलं जुनं आणि स्वस्त. युरियाही यातलाच. युरिया म्हटलं की आपल्याला खताची गोणी आठवते, पण आपल्या त्वचेतही तो नैसर्गिकरीत्या असतो आणि ओलावा धरतो. (खताचा युरिया मात्र पायाला लावू नका. लावणारे आहेत, म्हणून सांगतो.) मलमात तो १० टक्क्यांपर्यंत असेल तर मुख्यतः ओलावा धरण्याचं काम करतो.

दुसरा गट पाणी अडवणाऱ्यांचा. पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल, आणि आपल्या कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते घट्ट गोळ्यासारखं असतं. गरम करून भेगेत भरायची पद्धत जुनी आहे आणि तिच्यात अर्थ आहे. भेग बुजते, आतला ओलावा टिकतो, चालताना ठणका कमी होतो. पण जाड झालेला थर त्याने पातळ होत नाही. एक काळजी घ्या, तेल उकळतं असताना भेगेत ओतू नका, बोटाला सोसेल इतकं निवू द्या.

तिसरा गट जाड थर सैल करणाऱ्यांचा. २० टक्के किंवा त्याहून जास्त युरिया, लॅक्टिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल. हे मृत पेशींची एकमेकींवरची पकड ढिली करतात. सालं काढणारे जे मोजे मिळतात, त्यांतही अशीच आम्लं असतात. तासभर घालायचे, मग चार-सात दिवसांनी तळपायाची सालं निघू लागतात. बघायला मजा वाटते, पण आम्लाला निरोगी कातडी आणि उघडी भेग यातला फरक कळत नाही. भेगेतून रक्त येत असेल तर या गटातलं काहीही लावायचं नाही. आधी दुसऱ्या गटाने भेग भरून येऊ द्यायची.

आणि वजरी? ती चांगलीच आहे. मात्र पाय भिजल्यावर, हलक्या हाताने, आठवड्यातून दोन-तीनदा. खसाखसा घासलं तर कातडी त्याला मार समजते आणि उलट जास्त जाड होते. विजेच्या कानशीलाही हाच नियम. ब्लेडने टाच तासणं मात्र पूर्ण बंद.

आता वापरून बघायचं कसं, ते सांगतो. एका वेळी एकच वस्तू घ्या. डाव्या पायाला ती लावा, उजव्याला साधी पेट्रोलियम जेली. दोन्ही पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, टिपून घ्या, आणि ओलसर असतानाच लावा. वरून सुती मोजे घाला. मोजे न घालता फरशीवर चालू नका, घसराल. पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवा आणि चार आठवड्यांनी तुलना करा. तळपायाचा थर जाड आहे, तो बदलायला वेळ घेतो, म्हणून चार दिवसांत निकाल लावायचा नाही. पुष्कळदा असं दिसेल, की महागाची ट्यूब आणि साधी जेली यांत फरक थोडाच आहे. खरा फरक भिजवण्याचा आणि रोज न चुकता लावण्याचा.

चार आठवडे करूनही फरक नसेल तर तो नुसता कोरडेपणा नसेल. दोन्ही तळपाय आणि एकच हात कोरडा, रेषांमध्ये पिठासारखा पांढरेपणा, असं असेल तर बुरशीची शक्यता मोठी. सोरायसिस असू शकतो, थायरॉइड कमी असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर तिथे तेल किंवा मलम भरू नका, ती जागा कोरडी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते आणि माणसाला ते कळत नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना हे दाखवून दिलं, की त्यांच्या हातापायांची हानी बरीचशी दुखणं न कळल्यामुळे होते. खडा टोचला तरी माणूस चालत राहतो. कुष्ठरुग्णांना शिकवली जाणारी पायाची निगा काय आहे? साध्या पाण्यात भिजवा, घासा, लगेच तेल लावा, आणि रोज पाय तपासा. आपण आज जे बोललो, तेच.

मधुमेहात मात्र दोन बदल. पाय भिजवत ठेवू नका, धुऊन टिपा आणि मलम लावा. आणि आम्लाचे मोजे, कुरूप काढायच्या पट्ट्या, ब्लेड, गरम पाणी, यातलं काही नाही. कुरपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं. संवेदना नसलेल्या पायात ते भाजत खोलवर गेलं तरी पत्ता लागत नाही.

संवेदना आहे की नाही, ते घरी बघता येतं. डोळे मिटून बसायचं. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा जागी बोटाचं टोक एक-दोन सेकंद अलगद टेकवायचं. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरांकडे जा. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरात आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना साखर असेल तर आजच रात्री करा.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "टाचा मऊ झाल्या, आता मलम बंद करू का?" नाही, ताई. तैलग्रंथी काही उगवल्या नाहीत, उभं राहणंही थांबलं नाही. रोजचं दोन दिवसाआड करा, आणि घरातही टाच झाकणारी मऊ चप्पल घाला. दुसरी चिठ्ठी, "लहान मुलांना चालेल का?" साधी जेली चालेल, आम्लं आणि जास्त युरिया नको.

वेळ संपली आहे. बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या व्याख्यानाआधी घेऊ.