हिंगाची डबी कुठे ठेवायची?

योसेमिटीत पोचल्यावर आमच्यात पहिला वाद झाला तो हिंगाच्या डबीवरून. आम्ही चार मित्र, दोन तंबू, एक लाकडी टेबल, जमिनीत रोवलेली शेगडी आणि टेबलाजवळ एक तपकिरी लोखंडी पेटी. डाळ-तांदूळ, अंडी, ब्रेड, चिवडा असं सगळं पेटीत गेलं होतं. हिंग मात्र एकानं आपल्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता. "अरे, हिंग काय अस्वल नुसता खाणार आहे का?" असं त्याचं म्हणणं. खाणार नाहीच, पण हुंगणार नक्की, आणि हुंगल्यावर तंबूचं कापड त्याला किती वेळ अडवणार? डबी पेटीत गेली. तिच्यामागोमाग टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांचं मलम, कालच्या चहाचा रिकामा थर्मास आणि कचऱ्याची पिशवीही गेली.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतलं हे राष्ट्रीय उद्यान १८९० साली जाहीर झालं. क्षेत्रफळ तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते चार-पाच तासांच्या अंतरावर, त्यामुळे उन्हाळ्यात एखाददुसरा मुक्काम होतोच. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना वाटतं, मुक्कामाचं काय ते आपल्याला माहीत आहे. राजगडावर देवळात पथारी टाकली, चुलीवर खिचडी केली, सकाळी माकडांपासून बिस्किटं वाचवली, झालं. इथे माकडांच्या जागी अस्वल आहे, आणि सगळा मुक्काम त्याच्या नाकाभोवती आखलेला आहे.

आधी अस्वलाबद्दल. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे आहे ते ग्रिझली. ते या राज्यातून १९२०च्या दशकातच नाहीसं झालं. योसेमिटीत आहे ते 'काळं अस्वल', आणि गंमत म्हणजे ते बहुतेकदा तपकिरी किंवा बदामी रंगाचं असतं. उद्यानात अशी तीनशे ते पाचशे अस्वलं असावीत असा अंदाज आहे. गवत, बेरी, मुंग्यांची अंडी, ओकची फळं हा त्यांचा रोजचा आहार. हिवाळ्याआधी चरबी साठवायची म्हणून शरद ऋतूत एक अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खातं. ओकची फळं वेचत वीस हजार कॅलरी भरायला किती तास लागतील याचा हिशोब करा, आणि मग शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेला एक डबा समोर ठेवा. अस्वलानं माणसाच्या सामानामागे लागणं हा त्याच्या बाजूनं अगदी शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

हा व्यवहार त्याला शिकवला माणसानंच. १९२०-३०च्या दशकांत इथे अस्वलांना उरलंसुरलं अन्न घालायचे, आणि ते बघायला प्रवासी जमायचे. तो खेळ १९४०च्या सुमारास थांबला, पण उघड्यावर टाकलेला कचरा पुढेही बरीच वर्षं अस्वलांना मिळत राहिला. तो बंद झाल्यावर अस्वलं कॅम्पग्राउंडकडे वळली. लोक अन्न दोरीनं झाडाच्या फांदीला टांगत. अस्वलं दोरी कुरतडायला शिकली, पिल्लांना फांदीवर पाठवायला शिकली. मग गाड्या फोडू लागली. १९९८ साली उद्यानात अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या घरात गेलं.

गाड्यांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. २००१ ते २००७ या काळात अस्वलांनी कोणत्या गाड्या फोडल्या याचा अभ्यास झाला आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. रात्री उभ्या असलेल्या गाड्यांत मिनिव्हॅन होत्या सुमारे सात टक्के, फोडलेल्या गाड्यांत मात्र एकोणतीस टक्के. म्हणजे अस्वलं गाडी निवडून फोडत होती. कारण काय असावं? अभ्यासकांनी काही शक्यता मांडल्या. मिनिव्हॅनमधून लहान मुलं फिरतात आणि मुलांच्या सीटखाली बिस्किटांचा चुरा, ज्यूसचे डाग असतातच. शिवाय मागची खिडकी चौकटीत नखं अडकवून ओढली की निघते. किंवा काही मोजक्याच अस्वलांनी ही विद्या आत्मसात केली आणि मादीकडून ती पिल्लांकडे गेली. मला तिसरी शक्यता सगळ्यात पटते. पुण्या-मुंबईत एखाद्या कुलपाची युक्ती चोरांच्या टोळीत पसरते, तसंच हे.

अन्नाला चटावलेलं अस्वल माणसाला घाबरेनासं होतं आणि शेवटी उद्यानाला त्याला मारावं लागतं. म्हणून १९९८नंतर पैसा आणि माणसं दोन्ही लावली गेली. लोखंडी पेट्या सगळीकडे आल्या, रात्रीची गस्त सुरू झाली, अन्न नीट न ठेवल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड ठरला. घटना नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या.

आता पेटीकडे येऊ. आतली जागा साधारण ८४ सेंटिमीटर खोल, ११४ रुंद आणि ४६ उंच. एका जागेवर सहा माणसांना राहता येतं आणि सहा जणांचं वासाचं सामान याच पेटीत मावायला हवं. त्यामुळे सामान घरी भरतानाच मोजपट्टी काढावी. बर्फाचा कूलर ४६ सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर तो पेटीत जाणार नाही, आणि रात्री गाडीत ठेवायची सोय नाही. आमचा कूलर दोन बोटं उंच निघाला. अंधारात त्यातलं सामान काढून पिशव्यांमध्ये भरलं, आणि दही तेवढं सांडलं. दह्याचा वास तंबूपासून वीस पावलांवर, हे काही झोपेला बरं नाही.

पेटीची कडी अशी बसवलेली असते की माणसाच्या बोटांनी ती उघडते, अस्वलाच्या पंजाला जमत नाही. पण कडी लागलेली असेल तरच हे खरं. दार नुसतं लोटून ठेवलं तर लोखंडाचा उपयोग शून्य. त्यामुळे आपण शेजारीच बसून जेवत असलो तरी पेटी बंद, हा इथला नियम. डोंगरात आत चालत जाऊन मुक्काम करणाऱ्यांकडे पेटी नसते. त्यांना अन्न जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या पिंपात न्यावं लागतं. अस्वल ते फुटबॉलसारखं लोटत नेतं, पण उघडू शकत नाही.

जागा मिळवणं हे वेगळंच प्रकरण आहे. खोऱ्यातल्या अपर पाइन्ससारख्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण सुमारे पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सातला उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. चौघांनी चार संगणकांवर बसायचं, कोणाला तरी लागतं. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

कुठे राहायचं यावर बाकीचं बरंच ठरतं. योसेमिटी खोरं सुमारे १,२२० मीटरवर आहे; टायोगा रस्त्यानं वर गेलं की ट्वोलमी मेडोज २,६२० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे दोन्हींत नऊ अंशांचा फरक. जुलैत खोऱ्यात दुपारी घाम फुटतो आणि त्याच दिवशी पहाटे वर हात चोळावे लागतात. शिवाय हा रस्ता बर्फामुळे मे अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो, कधी त्याहूनही उशिरा. धबधब्यांचं वेळापत्रकही आपल्या उलट. आपल्याकडे ते पावसाचं लेकरू, इथे बर्फाचं. मे-जूनमध्ये बर्फ वितळतं तेव्हा ७३९ मीटर उंचीचा योसेमिटी फॉल्स गर्जत असतो, आणि ऑगस्टअखेर तो कित्येकदा पूर्ण सुकतो. ऑगस्टात धबधबा बघायला आलेले मराठी पाहुणे मी ओशाळलेले पाहिले आहेत.

ट्वोलमीत डाळ शिजत नाही, ही तक्रार प्रत्येक नवख्याची असते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास तीन-चतुर्थांश. वरून हवा कमी दाबते म्हणून पाणी लवकर, सुमारे ९१ अंशांवरच उकळतं. शेगडी कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही. जास्तीची उष्णता नुसती वाफ करण्यात जाते. तुरीची डाळ अशा पाण्यात तासभर नाचते आणि दाताखाली तशीच लागते. कुकर इथे कामाला येतो. शिट्टी उडेपर्यंत तो आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरण जास्त दाब साठवतो. मुंबईत त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, ट्वोलमीत ११५-११६ पर्यंत. उघड्या पातेल्याच्या तुलनेत हा पंचवीस अंशांचा फायदा, म्हणून कुकरच्या वजनाची कुरकुर करू नये. डाळ दोन तास भिजवावी आणि घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात. पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतलं जोडपं दचकून उभं राहिलं. दुसऱ्या शिट्टीला ते हसले. तिसरीनंतर वाटी घेऊन आले.

भांडी नदीवर घासायची नाहीत. खरकटं गाळून कचऱ्यात टाकायचं आणि कचरा झोपण्यापूर्वी अस्वलाला न उघडणाऱ्या कचराकुंडीत.

शेकोटीचीही वेळ ठरलेली. उन्हाळ्यात खोऱ्यात ती संध्याकाळी पाच ते रात्री दहा एवढीच पेटवता येते; धुरानं खोरं कोंडतं म्हणून. वणव्याचा धोका वाढला की तीही बंद. खोऱ्यात लाकूडफाटा गोळा करायला मनाई आहे आणि घरून आणायचाही नाही, कारण लाकडाच्या सालीतून झाडं पोखरणारे किडे प्रवास करतात. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं. दहानंतर सगळीकडे शांतता, म्हणजे गाण्यांच्या भेंड्या दहाच्या आत आटपायच्या. आमच्या 'ळ' वरून आलेल्या अडचणीमुळे त्या साडेनऊलाच आटपल्या.

झोपायची तयारी करताना लोक जाड स्लीपिंग बॅगवर पैसे खर्च करतात आणि खालच्या चटईवर वाचवतात. हे उलट हवं. बॅगेला ऊब असते ती तिच्या भरणात अडकलेल्या हवेमुळे. आपण आडवे झालो की पाठीखालचं भरण चेपून सपाट होतं, हवा निघून जाते, आणि मग पाठ व गार जमीन यांच्यामध्ये राहतं ते दोन कापडांचं अंतर. रात्रभर जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. हवा भरायची किंवा न चेपणारी फोमची चटई ते अडवते. १९०३च्या मे महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्गलेखक जॉन म्यूर इथे तीन रात्री उघड्यावर झोपले होते. ग्लेशियर पॉइंटजवळच्या मुक्कामात सकाळी उठले तर पांघरुणावर बर्फ. राष्ट्राध्यक्ष खूश झाले म्हणतात; माझी पाठ झाली नसती.

दुसरी चूक म्हणजे थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा बंद करणं. दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जाऊन थेंब होते आणि पहाटे ते थेंब तोंडावर पडतात. "पाऊस आला!" म्हणून आमच्यातला एक उठून बाहेर पळाला. बाहेर आकाशगंगा लख्ख दिसत होती. वरच्या झडपा थोड्या उघड्या ठेवल्या की तंबू कोरडा राहतो आणि थंडीत फारसा फरकही पडत नाही.

आणि अस्वल आलंच तर? योसेमिटीत काळ्या अस्वलानं माणसाला ठार मारल्याची किंवा गंभीर जखमी केल्याची नोंद नाही. वितळलेल्या बर्फाच्या नद्यांनी मात्र कित्येक जीव घेतले आहेत. धबधब्याच्या माथ्याशी ओल्या, गुळगुळीत दगडावर उभं राहून फोटो काढणारा माणूस अस्वलाच्या शेजारी झोपणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. रानात अस्वल दिसलं तर निदान पन्नास यार्ड लांब राहायचं. कॅम्पग्राउंडवर आलं तर एकत्र उभं राहून, त्याला पळायला वाट ठेवून, जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडायचं. कोणत्या भाषेत ते नियमात लिहिलेलं नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पेटीवर खरखर झाली. आमच्यातला सगळ्यात शांत माणूस झडप उघडून "हाड! हाड! चल नीघ!" असं गरजला. बॅटरीच्या उजेडात एक रॅकून सावकाश निघून गेला.

दुपारी बाराला जागा सोडायची असते. तंबूचं बूड पुसलं, शेगडीतली राख पाणी ओतून हातानं थंड झाल्याची खात्री केली, गाडीतल्या सीटखालून चिवड्यातले चार दाणे वेचले. पेटी साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसली. तेवढ्यात पुढचं कुटुंब आलं. त्यांच्यातल्या सात-आठ वर्षांच्या मुलीनं पेटीचं दार उघडून आत डोकं घातलं आणि नाक मुरडून आईला काहीतरी विचारलं. आई आमच्याकडे बघू लागली. हिंगाला इंग्रजीत काय म्हणतात ते चौघांपैकी एकालाही आठवेना.