वारेपर्यंत पोचणारा एचपीव्ही
चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करणारीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला, की घरचे उभ्याच्या कामाला दोष देतात. खरं तर लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषाने होतात. संशयितांत आता एचपीव्हीही आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू. प्रयोगशाळेत त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशींत वाढला. गर्भाशयाच्या अस्तराला चिकटायची त्या पेशींची ताकद घटली. माणसांतले अभ्यास मात्र जुळत नाहीत. शिवाय वारेचा नमुना बाहेर येताना गर्भाशयमुखावरचा विषाणू त्याला लागू शकतो. त्यामुळे नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वरून गर्भपाताचं खापर एचपीव्हीवर फोडणं मला घाईचं वाटतं. एचपीव्हीवर पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक लस २०२३ पासून मिळते. ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध. गरोदरपणी ती देत नाहीत, बाळंतपणानंतर घेता येते.