मोठी गाडी घेण्याआधी : नवी की जुनी, आणि तपासावे काय?

दुकानाचा हिशेब बरा लागला, दोन-तीन मोसम माल नीट गेला, की घरातली मुले म्हणू लागतात, अब्बा, आता मोठी गाडी घ्या. मोठी म्हणजे मर्सिडीजची जीएलसी, बीएमडब्ल्यूची एक्स ३, ऑडीची क्यू ५, व्होल्व्होची एक्ससी ६०. मोटार कंपन्या या वर्गाला मिडसाइज लक्झरी एसयूव्ही म्हणतात. शोरूममधली किंमत साधारण ६० ते ८० लाख. टोयोटाची फॉर्च्युनर खरे तर या पंगतीतली नाही, पण आपल्या व्यापाऱ्यांच्या मनात तुलना तिच्याशीच होते. ती साधारण ३५ ते ५० लाखांत मिळते.

मी कापडाचा माणूस, मोटारीचा नव्हे. परंतु एक जुनी गाडी घेऊन चांगलाच फसलो आणि दुसरी घेताना सहा महिने विचारपूस केली. त्या विचारपुशीतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. कारागीर बंधू म्हणतील, हा शेठलोकांचा मामला, आमचा काय संबंध? संबंध आहे. तपासणीची पद्धत चार लाखांच्या जुन्या गाडीलाही तीच लागते. शिवाय गॅरेजवाले, रंगवाले, सीट शिवणारे आपल्यातच पुष्कळ आहेत आणि लोक त्यांनाच विचारायला येतात.

आधी नव्या गाडीचा हिशेब पाहू. समजा गाडी ७० लाखांची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी सरळ ४० टक्के झाला. त्याआधी २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के होत होते. म्हणजे ७० लाखांत मूळ गाडी ५० लाखांची आणि २० लाख कर. आता आपण सूत घेतो, कापड विकतो, तेव्हा खरेदीचा कर विक्रीच्या करातून वळता करून घेतो. तीच सवय डोक्यात ठेवून बरेच व्यापारी समजतात की गाडी दुकानाच्या नावावर घेतली की हे २० लाखही वळते होतील. ते होत नाहीत. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या गाडीवर कायद्याने ही सवलत बंद आहे. टॅक्सीचा धंदा, गाड्यांची विक्री किंवा ड्रायव्हिंग स्कूल असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याला मिळतो तो आयकरातला घसारा, वर्षाला १५ टक्के. गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी निम्माच, आणि घरच्या वापराचा भाग वजा होऊन.

यापुढे रस्ता कर. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के एकरकमी कर आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. ७० लाखांच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर नऊ लाखांच्या थोडे वर, कंपनीच्या नावावर १४ लाख. फरक जवळपास पाच लाखांचा, आणि तो केवळ नाव कोणते लिहायचे यावर. बुकिंगच्या पावतीवर नाव पडण्याआधी आपल्या हिशेबनीसाला विचारलेले बरे. विमा दोन लाखांच्या आगेमागे धरा. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो, म्हणजे आणखी ७० हजार. हे मात्र बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वळते होतात. एकूण गाडी दारात येईपर्यंत ८० लाखांच्या वर गेली.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. आपल्यातले बरेच जण व्याजाचे कर्ज टाळतात, सबब पूर्ण रक्कम एकदम उभी करतात. हप्त्याची कटकट नाही हे खरे. पण रक्कम येते कुठून? बहुधा फिरत्या भांडवलातून. तेच पैसे दुकानात वर्षातून तीन-चार वेळा फिरतात आणि दर फेऱ्यात काही देऊन जातात. गाडीत अडकले की फिरणे बंद. म्हणून गाडीची किंमत बघताना ‘माझ्याकडे एवढे आहेत का’ हा प्रश्न पुरेसा नाही. सणाचा माल भरून, सूतवाल्याची देणी चुकवून आणि दोन महिन्यांची उधारी अडकली तरी हात न पसरता ती बसते का, हे पाहावे. बसत नसेल तर फॉर्च्युनरही बसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आता जुनी गाडी. जुनीकडे माणूस वळतो तो भावामुळे, आणि भाव खरोखर पडतो. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो तक्ता वापरत आल्या आहेत त्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरलेली आहे. बाजारात या महाग गाड्या बहुधा याहूनही जलद उतरतात, फॉर्च्युनर मात्र भाव धरून राहते. याचे कारण गाडीची चांगली-वाईट जात नव्हे. पहिल्या मालकाला वॉरंटीचे दोन-तीन वर्षे स्वस्त पडतात, दुसऱ्याला तीच गाडी ऐन खर्चाच्या वयात मिळते. चार टायर लाखाच्या आसपास. गिअरबॉक्स, हवेचे सस्पेन्शन, दिव्यांचे संच, काहीही गेले तरी बिल नव्या गाडीच्या हिशेबाने येते. गाडी ३० लाखांना मिळाली म्हणून सुटा भाग ३० लाखांच्या गाडीचा मिळत नाही.

२०२० च्या सुरुवातीस मी अशीच एक गाडी २४ लाखांना घेतली. चार वर्षे जुनी. गाडीचे आणि विकणाऱ्याचे नाव लिहीत नाही. आतून इतकी सुंदर, की सीटचे कापड आणि खालचा गालिचा अगदी नवा. आयुष्य कापडात गेलेले, हात फिरवला आणि खूश झालो. चार वर्षांच्या गाडीत गालिचा नवा का, हा प्रश्न मनात आलाच नाही. तीन महिन्यांत खिडक्या अडकू लागल्या, पावसाळ्यात एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना आणि एके दिवशी कसारा घाटात गिअर बदलेचना. मिस्त्रीने सीट उचलली तेव्हा रुळांखाली वाळलेला चिखल. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती. मिस्त्री म्हणाला, “चाचा, तुम्ही सीट बघितली, सीटच्या खाली नाही बघितले.” दुरुस्तीला साडेचार लाख गेले, आणि शेवटी १३ लाखांना विकली, घेणाऱ्याला सगळे सांगून. त्याहून मोठे नुकसान निराळेच. पुढच्या रमजानसाठी ग्रे कापड भरण्याच्या दिवसांत हात रिकामा होता. माल दुसऱ्यांनी भरला.

पुरात बुडालेल्या गाड्या स्वस्त मिळतात आणि फिरत फिरत लांबच्या गावी विकल्या जातात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली, २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर. प्रत्येक पुरानंतर अशा गाड्या बाजारात येतात. ओळखण्याची सोपी रीत अशी : सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. ज्या टोकाला कोणी हात लावत नाही तिथे पाण्याची रेघ किंवा मातीचा रंग राहतो. सीटच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज, गालिच्याखालचा स्पंज, स्टेपनीचा खड्डा, सगळे बघावे. आत अत्तराचा किंवा कार-परफ्यूमचा वास फार असेल तर काचा बंद करून अर्धा तास उन्हात ठेवा, खालचा वास वर येतो. मोठ्या काचेच्या छताच्या गाड्यांत पाणी जाण्याच्या नळ्या तुंबूनही आत पाणी येते, तेव्हा ओल दिसली म्हणजे पूरच असे नाही. पण ओल दिसली तर भाव बोलू नये.

सौद्याला सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना स्वतः चालू करावे. विकणारा आधीच तापवून ठेवतो कारण थंड इंजिनचे आवाज तापल्यावर दबतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पांढरा दाट धूर थांबेना तर कूलंट आत शिरते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे इंजिन आणि एअरबॅगचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर कोणी तरी ते बंद केलेले आहेत, आणि हे लागून राहण्यापेक्षा वाईट. ब्रेक दाबून गिअर रिव्हर्सला, मग ड्राइव्हला टाका. धक्का किंवा उशीर दिसला तर समजावे.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो मागे फिरवणारे लोक आहेत. मात्र या गाड्यांत तोच आकडा वेगवेगळ्या कॉम्प्युटरांत साठलेला असतो, आणि चांगला स्कॅनर लावला की विसंगती दिसते. स्कॅनर लावणारा दोन-चार हजार घेईल, द्यावेत. चुकांची नोंद नुकतीच पुसली असेल तर तेही त्याला कळते. त्याशिवाय चॅसी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसचा इतिहास काढून घ्या. मालक टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालेच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. ३० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर नवे असतील तर विचारा का. काचांवरही बनावटीचे साल असते. एकच काच निराळ्या सालाची असेल तर तिथे काही घडलेले आहे. रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, एका दारावर ३००-४०० निघाले तर खाली पुट्टी आहे. आपण कापडाचा जीएसएम काढतो तसेच हे.

डिझेल की पेट्रोल, यात पूर्वीचा हिशेब आता चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती आपोआप साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालावी लागते. घरातून कारखाना, कारखान्यातून घर, एवढेच फिरणाऱ्याची गाळणी तुंबते आणि खर्च मोठा येतो. नाशिक-मुंबई-सुरत नेहमीचे असेल त्याने डिझेल घ्यावे, गावातल्या गावात फिरणाऱ्याने पेट्रोल. जुनी पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल तिला चालते का, हे तिच्या पुस्तकात पाहून घ्यावे.

आणखी एक साधी गोष्ट लोक विसरतात. वर ज्या चार गाड्या सांगितल्या त्या चारही पाच आसनांच्या आहेत. आपली कुटुंबे पाचांत मावत नाहीत. लग्नाला निघायचे तर मागून दुसरी गाडी लागतेच. फॉर्च्युनर सात जणांची, पण ट्रकसारख्या सांगाड्यावर बांधलेली. खराब रस्ता ती चांगला सोसते, मात्र मागच्या बाकावर म्हाताऱ्या माणसाला धक्के बसतात आणि चढायलाही उंच पडते. अम्मीला सोबत नेऊन बसवून पाहा. जीएलसी पुण्याजवळ चाकणला आणि क्यू ५ छत्रपती संभाजीनगरला जोडली जाते, पण म्हणून वर्कशॉप आपल्या गावात येत नाही. जवळचे अधिकृत वर्कशॉप किती दूर आणि गाडी बंद पडली तर ओढून कोण नेणार, हे विचारून ठेवावे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, त्यामुळे एन्डेव्हर आज मोहात पाडणाऱ्या भावात मिळते. घेणाऱ्याने आधी सुट्या भागांची चौकशी करावी.

कागदांबद्दल. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला की कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि दंड दिसतात. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत पत्र. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून हरित लवादाची आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आल्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्त आल्या. त्यांच्यावर महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, तो भावात धरूनच बोलावे. नोंदणीकृत डीलर आपल्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लावतो, खासगी मालकाकडून घेतली तर जीएसटी नाही.

रोख व्यवहार करणाऱ्यांनी हे खास वाचावे. एप्रिल २०१७ पासून एका सौद्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो. आपली जुनी गाडी विकताना घेणारे आपण असतो. विकली की नाव बदलल्याचा पुरावा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव त्याचीच जिम्मेदारी, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. विम्याचे नो-क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, मालकासोबत राहते, ते नव्या गाडीवर घेता येते. आणि घेतलेल्या जुन्या गाडीचा विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. दोन्ही चाव्या मोजून घ्याव्यात. एक चावी हरवली असे सांगितले तर नवीचा खर्च तिथेच भावातून कापून घ्यावा.