पाळी पुढे ढकलणारी गोळी

संप्रेरकांची ओळख : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण प्रोजेस्टेरॉनचे काम पाहिले. अंडाशयातून बीज बाहेर पडले की हे संप्रेरक वाढते आणि गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरते. गर्भ राहिला नाही तर त्याची पातळी घसरते, अस्तर सुटते आणि पाळी येते. मग ही पातळी बाहेरून टिकवली तर? पाळी लांबते. आजची गोळी नेमके हेच करते.

मंगळागौर, गौरी-गणपती, घरचे लग्न, वारी, परीक्षा : गोळी मागण्याची कारणे अनेक. पाळीत देवघरात जायचे की नाही, हा ज्या त्या घराचा प्रश्न. आपण गोळीपुरते बोलू.

तिच्यातले औषध नॉरएथिस्टेरॉन. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतले तर त्यातले बरेचसे यकृतातच मोडते. तोंडाने घेऊनही टिकेल अशा रेणूच्या शोधात मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत 1951 साली लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने नॉरएथिस्टेरॉन तयार केले. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ हे या कामाचे प्रमुख होते. पुढे गर्भनिरोधक गोळ्यांतही हाच रेणू वापरला गेला.

नेहमीची पद्धत अशी : अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. गोळी थांबवली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. सुरुवात उशिरा केली तर ती काम करीलच असे नाही. आणि अशा रीतीने घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरता येत नाही. चिठ्ठीशिवाय मिळणारी लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची तातडीची गोळी वेगळी. ती असुरक्षित संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पाळी लांबवण्यासाठी ती नाहीच.

नॉरएथिस्टेरॉन मात्र चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे आणि त्याला कारण आहे. शरीरात त्याचा थोडा भाग एथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅमच्या मात्रेत हे प्रमाण नेहमीच्या मिश्र गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनच्या जवळपास जाते. इस्ट्रोजेनने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. निरोगी तरुणीत तो कमीच असतो. पण आधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, तर ही गोळी घेऊ नये. अंगावरून जाण्याचे कारण कळलेले नसेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तरी आधी तपासणी. अर्धशिशी, लठ्ठपणा, धूम्रपान, लांबचा प्रवास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया हेही डॉक्टरांना सांगावे. क्षयावरचे रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधे चालू असतील तर गोळीचा परिणाम घटतो. गुठळीचा धोका असेल तर डॉक्टर दुसरे औषध सुचवू शकतात. मिश्र गर्भनिरोधक गोळ्या आधीच चालू असतील तर बहुतेकदा त्यांचेच पाकीट कसे घ्यायचे ते सांगून काम भागते.

हे प्रश्न काउंटरवर विचारले जात नाहीत. विचारले तरी उत्तर कोण देणार? पट्टी न्यायला पुष्कळदा नवरा किंवा धाकटा दीर आलेला असतो आणि जिने गोळी घ्यायची ती घरी फराळाच्या तयारीत असते. म्हणून डोकेदुखीच्या गोळीसारखी ही मागू नये, शेजारणीच्या उरलेल्या पट्टीतून तर मुळीच घेऊ नये.

कार्याची तारीख आधी ठरलेली असते. आठ-दहा दिवस अगोदर डॉक्टरांना भेटा किंवा निदान फोन करा. जुने आजार आणि चालू औषधे स्वतः सांगा. गोळ्या चालू असताना एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठा. कार्य संपेपर्यंत थांबू नका.