पास झालेल्यांची टक्केवारी आणि गळालेल्यांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की कर्जत-खोपोलीच्या नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक झळकतात. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. रायगड कोकणात असला तरी परीक्षा मंडळाच्या मुंबई विभागात मोडतो. त्या विभागाचा निकाल ९५.८४ टक्के. म्हणजे शंभरात जेमतेम चार नापास! मग कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरवाड्यांवर दहावी पास मूल शोधत का फिरावे लागते?

कारण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची आहे. जे सातवीतच गळाले ते नापाससुद्धा होत नाहीत; ते हिशेबातच नसतात.

बाबासाहेबांनी हे फार आधी हेरले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरच होतात. त्यानंतर आठवडाभरात, २० मार्चला, याच जिल्ह्यात (तेव्हाच्या कुलाब्यात) महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याची आठवण आपण दरवर्षी काढतो. त्या ८२ जणांची कोण काढतो?

जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीला, नाहीतर सातवीला संपते. पुढचे हायस्कूल बाजाराच्या गावात, कुठल्यातरी अनुदानित संस्थेचे. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत पायपीट, मग एसटीची वाट. वयात आलेल्या मुलीला एकटी पाठवायला घर कचरते. पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाखाली आश्रमशाळा आहेत; पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर निघते, मालकाची उचल अंगावर असते, आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली पोर बरोबर जाते. ती परतते पावसाच्या तोंडावर. शाळेच्या पटावर तिचे नाव मात्र कायम!

कायदा इथे मुका नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे कलम ९ खाली स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. भट्टीजवळच्या किती शाळांनी ही कलमे वाचली आहेत? आणि या कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच. नववी-दहावीचे पोर उघड्यावर.

आपल्या विहारांतही जूनमध्ये गुणवंतांचे सत्कार होतात. खुशाल व्हावेत. पण बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले, ते पहिल्या आलेल्यांसाठी नव्हे, शाळेपर्यंत पोहोचूच न शकणाऱ्यांसाठी. बौद्ध वस्तीतली दोन पोरे इंजिनीअर झाली की शेजारची कातकरवाडी आपल्याला दिसेनाशी व्हावी, ही कसली चळवळ?

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. दहा रुपये शुल्क भरून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात अर्ज टाका. २०१५-१६ साली पहिलीत किती मुले दाखल झाली? त्यांतली किती २०२५ च्या दहावीला बसली? शाळावार, जातजमातवार, मुले-मुली वेगवेगळे मागा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. "माहिती संकलित नाही" असे उत्तर आले, तर पहिले अपीलही तीस दिवसांतच करायचे असते.